बाराव्या पायरीनंतरच्या गाठी

चिमट्यातला दोरा तिसऱ्यांदा निसटला तेव्हा घारने दोऱ्याला शिवी दिली. चौथ्यांदा निसटला तेव्हा दिव्याला दिली. पाचव्यांदा मात्र तो गप्प बसला. दोरा नवा होता, दिवा मागच्याच आठवड्यात आणलेला होता आणि चष्म्याचा नंबर परवाच तपासून झाला होता. शिव्या द्यायला आता त्याच्या स्वतःच्या उजव्या हाताशिवाय कुणी उरलं नव्हतं.

घार हे त्याचं खरं नाव नव्हे. बंदरातल्या लाकूडयार्डात तो एकोणीस वर्षं उंच क्रेनच्या केबिनमध्ये बसत होता, म्हणून खालच्या लोकांनी ठेवलेलं. कामावर तो जहाजातून ओंडक्यांच्या मोळ्या उचलून धक्क्यावर ठेवायचा आणि सुट्टीच्या दिवशी घरी लाकडाची गलबतं बांधायचा. "तिकडे जहाजं रिकामी करता आणि इकडे माझं घर जहाजांनी भरता," असं त्याची बायको येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे म्हणायची. कपाटावरची चारही गलबतं मऊ ब्रशने झटकायची मात्र तीच.

हे पाचवं. हातभर लांब, तीन डोलकाठ्यांचं. फासळ्या बसवून झाल्या होत्या, पट्ट्या गरम पाण्यात भिजवून, वाकवून, एकेक चिकटवून झाल्या होत्या. आता दोरकाम. डोलकाठी ताठ राहावी म्हणून दोन्ही बाजूंनी दोर ताणलेले असतात आणि खलाशांना वर चढता यावं म्हणून त्या दोरांना आडव्या पायऱ्या बांधतात. एका शिडीला सहा उभे दोर, चोवीस पायऱ्या. खालून सुरुवात करायची आणि प्रत्येक पायरी सहाही दोरांना गाठ मारून बांधायची. काही लोक गाठ न मारता गोंदाने भागवतात. घार त्यांना पाकिटं चिकटवणारे म्हणायचा.

तो चौदाव्या पायरीवर अडकला होता.

त्याने हात टेबलावर सपाट ठेवला. शांत. मग चिमटा धरून उचलला आणि चिमट्याची टोकं एकमेकांवर वाजू लागली. थंडीत दात वाजतात तशी, अगदी बारीक.

क्रेनचा दांडा मुठीत धरायचा असतो. मुठीत ही थरथर बुडून जाते, गेले दोन महिने कुणाला दिसली नव्हती. पण दांडा बोटभर हलला की तिकडे चार टनांची मोळी हातभर सरकते. आणि खाली, ती मोळी उतरवून घ्यायला, दोन माणसं उभी असतात. त्यातला एक त्याचा मेव्हणा.

मग गलबतं बांधणारा कुणीही जे करेल ते त्याने केलं. टणक लाकडाचा एक ठोकळा घेतला, मनगट बसेल एवढी त्याला खोबण पाडली, घासून गुळगुळीत केली. हात त्या टेकूत ठेवला की थरथर मनगटापाशीच अडायची आणि बोटं गप्प. पंधरावी पायरी झाली. सोळावी झाली. वेड्यावाकड्या झालेल्या तेराव्या-चौदाव्या पायरीच्या गाठी त्याने सोडवल्या नाहीत. सोडवायलाही हात स्थिर लागतो.

दुपारी बायको चहा घेऊन आली. ती तयार कपड्यांच्या कारखान्यात टाके तपासायची, दिवसाला सातशे-आठशे कॉलर. कप ठेवून ती वाकली आणि शिडीला न शिवता बोट खालून वर नेऊ लागली. तेराव्या पायरीशी बोट थांबलं.

"बारापर्यंत हात तुमचा आहे," ती म्हणाली. "ह्या दोन कुणाच्या?"

"दोरा खराब होता."

"हो का. अंगण वाकडं असेल."

"उगाच टोमणे मारू नकोस."

"आणि इथून परत सरळ. टेकू घेतलात ना?" तिने ठोकळा उचलून पाहिला. "छान केलाय. आमच्याकडे मशीनवरच्या बायका कोपराखाली चिंध्या घेतात. काही दिवस चालतं. मग सुई बोटात जाते."

घारने ठोकळा तिच्या हातातून काढून घेतला.

"अहो, खाली माझा भाऊ असतो."

"मला माहीत नाही का?"

"माहीत आहे म्हणून तर मला सांगितलं नाहीत."

"दरवर्षी डॉक्टर तपासतो की आम्हाला."

यावर ती हसली नाही, पण हसण्यासारखंच होतं. कंपनीचा डॉक्टर खुर्चीतून न उठता विचारायचा, "काही त्रास?" नाही म्हटलं की शिक्का मारायचा, आणि शिक्का मारताना घारपेक्षा जास्त त्याचाच हात कापायचा. एवढ्यावर एकोणीस वर्षं माणसांच्या डोक्यावरून ओंडके फिरत होते.

"उद्या मुकादमाला सांगा," ती म्हणाली. "नाही सांगितलंत तर परवा मी भावाला सांगेन. मग तो मला काय म्हणेल ते म्हणो, आणि तुम्ही काय म्हणाल ते म्हणा."

ती आत गेली. चहावर साय धरली.

सांगायचं म्हणजे काय, हे घारला ठाऊक होतं. पूर्वी शेजारच्या क्रेनवर लंबू होता. डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणून तो आपणहून सांगायला गेला. कंपनीने त्याची पाठ थोपटली, हातात झाडू दिला आणि सहा महिन्यांनी झाडूही काढून घेतला. यार्डात खरं बोलणाऱ्याचं कौतुक फक्त जेवणाच्या सुट्टीत व्हायचं, तेही आवाज खाली करून.

सोमवारी सकाळी घारने मुकादमाला सांगितलं नाही. त्याने ठोकळा डब्याच्या पिशवीत घातला आणि तो क्रेनची शिडी चढला.

खुर्चीचा हात आणि दांडा यांच्यामध्ये ठोकळा असा बसला, जणू मापाने केला होता. पहिली मोळी अलगद टेकली. दुसरी, तिसरी. अकरा मोळ्या झाल्या. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता, पण हात गप्प होता. गलबताला चालतं ते क्रेनला का चालू नये, असं त्याला वाटलं.

का चालू नये, ते बाराव्या मोळीला कळलं. गलबताचा दोरा जिथे सोडला तिथे पडून राहतो. क्रेनचा दांडा सोडला की आपोआप मधोमध येतो आणि क्रेन थांबते, खालच्या माणसांचा सगळा जीव त्या परत येण्यावर असतो. ठोकळा घामाने निसटला, खाली घसरला आणि दांड्याच्या बुडाशी पाचरीसारखा अडकला. घारने हात काढला. दांडा परत आला नाही. मोळी सरकत राहिली.

खाली टोप्या पाठ करून साखळी सोडवत होता. हा दुसरा माणूस. हेल्मेट घालूनच जेवायचा, म्हणून टोप्या. मोळी त्याच्या पाठीच्या दिशेने चालली होती आणि त्याला पत्ता नव्हता. मेव्हणा दोन्ही हात हलवत ओरडत होता, वर काही ऐकू येत नव्हतं. एक पूर्ण श्वासभर तो नुसता बघत राहिला. मग डाव्या मुठीने त्याने लाल बटण ठोकलं.

क्रेन गचका खाऊन थांबली. मोळी झुलली, तिच्यातला एक ओंडका घसरून सुटला आणि टोप्यापासून हातभर अंतरावर आपटला. टोप्या बसकण मारून भुशात पडला.

घारने ठोकळा उपटला. मोळी त्याने खाली कशी उतरवली, ते त्याला नंतर कधीच आठवलं नाही. चावी काढून तो शिडी उतरू लागला.

खाली सगळ्यांत आधी मेव्हणा धावत आला. "भाऊजी, साखळी सटकली म्हणा," तो कानाशी लागला. "मीही तेच म्हणतो. साखळीला काय तोंड असतं?"

"माझा हात कापतो."

"माहीत आहे."

घार त्याच्याकडे बघत राहिला. "ताईने सांगितलं?"

"ताई कशाला सांगेल? पूर्वी मोळी एकदा टेकवायचात. दोन महिने झाले, दोनतीनदा आपटते." मेव्हणा जमिनीकडे बघून बोलत होता. "ताईचं घर चालतं ह्या नोकरीवर. मी तोंड उघडून काय करू? मी आपला मोळी आली की दोन पावलं मागे सरतो."

"आणि ह्याला सांगितलंस?"

मेव्हण्याने भुशात बसलेल्या टोप्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. घारला वरच्यापेक्षा इथे जास्त भीती वाटली. दोन महिने तिघांपैकी दोघांना माहीत होतं, आणि ज्याला माहीत नव्हतं तो मोळीखाली उभा होता.

टोप्या अंग झटकत उठला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "काय झालं रे? वर वारा सुटलाय का?"

"वारा नाही," घार म्हणाला, आणि त्याने उजवा हात त्याच्यासमोर धरला. उन्हात तो स्वच्छ कापत होता. "हे दोन महिन्यांचं आहे. मी लपवलं."

टोप्या हाताकडे बघत राहिला. मग मेव्हण्याकडे वळला. मेव्हण्याचा चेहरा बघून त्याला कुणी वेगळं सांगायची गरज उरली नाही.

"म्हणून मागे उभा असतोस होय," तो म्हणाला. "मला वाटायचं, आळशी आहे."

तेवढ्यात मुकादम आला. "काय तमाशा लावलाय? काम का बंद?"

"साखळी..." मेव्हण्याने सुरुवात केली.

"साखळी ठीक आहे," घार म्हणाला. "माझा हात कापतो. आज हा मेला असता. लिहून घ्या."

मुकादमाने इकडेतिकडे पाहिलं, मग धक्क्याला लागलेल्या जहाजाकडे पाहिलं. "हळू बोल. लिहून-बिहून उद्या बघू. संध्याकाळपर्यंत हे रिकामं करायचंय. सावकाश चालव, पण आजचा दिवस काढ."

घारला क्षणभर मोह झाला. झाडू एक दिवस लांब गेला असता. क्रेनची चावी अजून त्याच्या मुठीत होती. त्याने ती मुकादमाला दिली नाही. टोप्याचा हात धरून त्याच्या तळव्यात ठेवली.

"तू ठेव. डोकं तुझं आहे."

"इकडे आण ती," मुकादम टोप्याला म्हणाला. "दुसऱ्या कुणालातरी वर चढवतो."

"चढवा की. आधी ह्याचं लिहून घ्या." टोप्या त्या पडलेल्या ओंडक्यावर बसला आणि त्याने मूठ मांडीखाली घातली. "तोवर मला बसू द्या जरा. पाय लटपटतायत माझे."