पडदा कोणता घेऊ?

समोरच्या बाल्कनीतल्या काकू आपल्या घरात डोकावतात, असा आमच्या वहिनीला दाट संशय होता. म्हणून तिने बेडरूमला जाड पडदे लावायचं ठरवलं. दुकानातून तीन नमुने आणले, पण एक ठरेना. मग तिन्ही आळीपाळीने खिडकीवर लावून तिने फोटो काढले आणि इमारतीच्या ग्रुपवर विचारलं, "कोणता घेऊ?"

तासाभरात चाळीसेक उत्तरं आली. त्यातली पडद्याबद्दल चारच. बाकीच्यांचा प्रश्न एकच, "पलंगावर उशी एकच कशी?"

दादाने हॉलमधल्या सोफ्यावरची आपली उशी मुकाट्याने आत आणून ठेवली.

संध्याकाळी काकू दारात आल्या. "मोतीबिंदूमुळे मला दोन हातांपलीकडचं दिसत नाही गं, फोनवरचं बारीक अक्षरही वाचता येत नाही. सगळे कसल्या उशीबद्दल बोलतायत?"

वहिनीने दार लावून घेतलं. "बघितलंत, किती भोचक बाई आहे!" ती दादाला म्हणाली आणि सगळ्यात जाड पडदा मागवला.