लाल खुणेवरून

"तीनशे चौसष्ट," मी फोनवर म्हणालो. "हा प्रोग्राम म्हणतो, सगळे एकसारखेच आहेत."

"कसले फोटो, बाबा?" तुरिडने विचारलं.

"मागच्या डोंगराचे. तुझ्या आईने काढलेले. दर शनिवारी एक."

माझी बायको बोर्गहिल्ड फेब्रुवारीत गेली. तिचा संगणक भरून बंद पडायला आला होता, म्हणून मुलीने फोनवर सांगत सांगत सारखे फोटो शोधून पुसणारा हा प्रोग्राम माझ्याकडून बसवून घेतला. ईस्टरला ती पोरांना घेऊन राहायला येणार होती.

"एवढे डोंगर काय करायचेत? वर्षाचा एक ठेव. चांगला कुठला, ते तोच ठरवतो. आणि 'कायमचे पुसा'वर खूण कर. नाहीतर सगळं साठवून ठेवशील, तुझ्या खोपटासारखं."

"माझ्या खोपटाला नावं ठेवू नकोस."

फोन ठेवून मी बटण दाबलं. चाळीस वर्षं फेरीबोटींची इंजिनं सांभाळली. जुना भाग हातात फिरवून बघितल्याशिवाय कधी फेकला नाही. हे मात्र बघितलं नाही.

सात वर्षांचे सात फोटो उरले.

बोर्गहिल्ड मागच्या पायरीवर नेलपॉलिशने केलेल्या लाल खुणेवर पाय ठेवून फोटो काढायची. मी चिडवायचो, "काय गं, डोंगराचा पासपोर्ट काढायचाय?"

"तू तुझी इंजिनं बघ, आयविन," ती म्हणायची.

फोटो सुरू करायच्या आधी एकदाच, जेवताना ती म्हणाली होती, "तुरिडच्या गावी राहायला जाऊ या. मला हा डोंगर बरा वाटत नाही."

मी हसलो होतो. "माझ्या आजोबांपासून तो तिथेच आहे. बटाटे घे."

तिने बटाटे घेतले. विषय परत काढला नाही.

मी बाणाची कळ दाबत सातही फोटो पुढे नेले. लाकडांच्या खोपटाचं छप्पर होतं तिथेच. त्याच्या वर, उतारावर, एकटं बर्चचं झाड. पहिल्या फोटोत त्याचं अख्खं खोड दिसत होतं. तिसऱ्यात बुंधा छपराला टेकल्यासारखा दिसत होता. सातव्यात अर्धं खोड छपरामागे गेलं होतं. मी मागे गेलो, पुन्हा पुढे आलो. झाड वाकलेलं नव्हतं. जमिनीसकट उभंच्या उभं खाली येत होतं.

नगरपालिकेच्या तातडीच्या नंबरवर फोन केला. तिथल्या बाईने माझं सगळं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, "मधले फोटो आहेत का? आठवड्या-आठवड्याचे असते तर वेग काढता आला असता."

"होते," मी म्हणालो.

तिने माझा पत्ता लिहून घेतला. मग म्हणाली, "आजची रात्र त्या घरात झोपू नका."

मी तुरिडला कळवलं, "तुम्ही येऊ नका. संध्याकाळच्या बोटीने मीच येतोय."

"तू? तू तर स्वतःच्या पलंगाशिवाय कुठे झोपत नाहीस."

"आता झोपेन."

बॅग भरताना आठवलं, बोर्गहिल्डच्या फोटोत कोपऱ्यात नेहमी तिचा अंगठा यायचा. उरलेल्या सातांत तो कुठेच नव्हता. तसले सगळे प्रोग्रामने खराब ठरवले होते.

वार शनिवार होता. मागच्या पायरीवर गेलो. वरचं बर्फ वितळत होतं आणि पाण्याचा आवाज जमिनीखालून येत होता. लाल खूण माझ्या बुटाखाली झाकली गेली. छपराच्या वर बर्चचा शेंडा तेवढा दिसत होता.

मी फोटो काढला. कोपऱ्यात माझा अंगठा आला. दुसरा काढला नाही.