एकोणतिसावा खांब

"अहो, थांबलात का? चाक अडकलं?"

 लाइनमनचे दोन्ही हात व्हीलचेअरच्या मुठींवर होते आणि मान वर, लाँड्रीच्या कोपऱ्यावरच्या खांबाकडे. खांबाच्या टोकावरची कडी रिकामी होती. कडीतली तार तुटून शेजारच्या झाडावर पडली होती आणि तिचं एक टोक पानांतून खाली लोंबत होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते दिसलंही नसतं. पण हा माणूस वीज कंपनीत चौतीस वर्षं तारांकडे बघत म्हातारा झाला होता.

"बोला की काहीतरी," बायको खुर्चीतून म्हणाली. अर्धांगाच्या झटक्यानंतर तिची जीभ जरा जड झाली होती, धार मात्र तेवढीच होती. "तिकडे प्रार्थनागृहात नातीचं नाव ठेवून मोकळे होतील. मी काय पुढच्या नातीला जाऊ?"

"तार तुटलीय," तो म्हणाला.

 बायकोला याहून जास्त सांगायची गरज नव्हती.

शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, लागतो, तो शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत. तेवढ्या वेळात यहुदी माणसाने घरातली वस्तू रस्त्यावर न्यायची नाही आणि रस्त्यात कोणतीही वस्तू चार हातांपलीकडे उचलून किंवा ढकलून न्यायची नाही. किल्ली नाही, पुस्तक नाही, तान्हं मूलसुद्धा नाही. पण वस्तीभोवती खांब रोवून वरून अखंड तार फिरवली, की धर्मशास्त्राच्या लेखी ती सगळी वस्ती एकाच घराचं अंगण होते आणि अंगणात काय हवं ते न्यायला मोकळीक असते. या तारेला एरूव म्हणतात. ती एका जागी तुटली, तरी अंगण उरत नाही. उरतो तो नुसता रस्ता.

या वस्तीच्या एरूवला त्रेसष्ट खांब होते. निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षं लाइनमन दर शुक्रवारी दुपारी सगळे खांब पायी फिरून बघायचा आणि रब्बींना, म्हणजे वस्तीच्या धर्मगुरूंना, फोन करून तीनच शब्द सांगायचा, "तार ठीक आहे." त्या तीन शब्दांवर वस्तीतल्या बाया बाबागाड्या बाहेर काढायच्या.

कालही त्याने ते सांगितले होते.

काल खुर्चीचं चाक पंक्चर निघालं. पाच महिन्यांत बायको पहिल्यांदा घराबाहेर पडणार होती. तिला निळाच ब्लाउज हवा होता आणि तो सापडत नव्हता. वैतागलेला, दुखऱ्या गुडघ्याने तो सत्ताविसाव्या खांबापर्यंत चालत आला. तिथून त्याने डोळ्यांवर आडवा हात धरला. पुढचे चार खांब सरळ उभे दिसले. तेवढंच बघून तो गल्लीतून वळला आणि बत्तिसाव्या खांबाला जाऊन मिळाला. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

आता ती तार रात्रीच्या वाऱ्याने सुटली होती की काल दुपारीच सुटलेली होती, हे त्याला या जन्मात कळणार नव्हतं.

"कधी तुटली?" बायकोने नेमकं तेच विचारलं.

"माहीत नाही."

"काल बघितली होती ना तुम्ही?"

त्याने खुर्चीचा ब्रेक लावला आणि समोर येऊन तिच्या डोळ्यांत बघत म्हणाला, "नाही. इथवर आलोच नाही मी. लांबून बघितलं."

बायकोने चांगल्या हाताने मांडीवरचा शालीचा काठ सारखा केला. मग परत सारखा केला. "माझ्या ब्लाउजपायी," ती म्हणाली.

"ब्लाउजचा काय संबंध? पाय माझे होते."

मागून चाकांचा आवाज आला. वस्तीतलीच एक तरुण आई बाबागाडी ढकलत येत होती. गाडीत जुळी, गाडीच्या जाळीत दुधाच्या दोन बाटल्या. "शब्बाथ शालोम काका! काकू, किती दिवसांनी! चला ना, थांबलात कशाला?"

लाइनमनच्या ओठांवर शब्द आले होते. सांगितलं तर ही बाई दोन मुलं घेऊन इथेच, भर रस्त्यात, संध्याकाळपर्यंत बसणार. नाही सांगितलं तर...

"दम खातोय जरा," तो म्हणाला. "तू हो पुढे."

ती हसून पुढे गेली. चाकांचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला. 

"आता काय करायचं?" बायको म्हणाली. "मागे घर, पुढे प्रार्थनागृह, दोन्ही सारखीच लांब. मला इथे लाँड्रीत टाकता धुवायला? तीही बंद आहे."

तो हसला नाही. कुणा परक्या धर्माच्या माणसाला खुर्ची ढकलायला सांगता येतं की नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो तारांचा माणूस, पोथ्यांचा नव्हे. पण लहानपणी वडिलांकडून ऐकलेलं एक आठवत होतं. वाटेत शब्बाथ लागून अडकलेल्या माणसाने ओझं एका दमात न्यायचं नाही. चार हातांच्या आत थांबायचं, टेकायचं, मग पुन्हा उचलायचं. बंदी चार हातांची आहे. साडेतीन हातांची नाही.

"घट्ट धर," तो म्हणाला.

त्याने ब्रेक काढला. दोन लहान पावलं. ब्रेक. मग तो फुटपाथच्या कडेवर टेकला, गुडघा कटकन वाजला, आणि उठला. दोन पावलं. ब्रेक. पुन्हा टेकला.

अशा दहा-बारा खेपा झाल्या. मग बायको म्हणाली, "असे किती वेळा बसणार?"

"मोजत नाही."

"गुडघा जाईल तुमचा."

"जाऊ दे."

रस्त्याने जाणारे बघत होते. एका सायकलवाल्याने उतरून विचारलं, "आजोबा, मी ढकलू का?" लाइनमनने नको म्हणून मान हलवली. खरं तर त्या क्षणी त्याला त्या पोराच्या गळ्यात पडावंसं वाटलं होतं. पण परवानगी नसताना सवलत घ्यायची, हे त्याने काल एकदा केलं होतं.

एरवी बारा मिनिटांची ती वाट. सूर्य डोक्यावर यायला लागला. बायकोचा लुळा हात खुर्चीवरून घसरला की तो परत वर ठेवायचा, तेवढीच त्याच्या पाठीला उसंत. बँकेच्या पायऱ्या आल्या, औषधाचं दुकान आलं, शाळेची लांबलचक भिंत आली आणि ती काही संपेना. भिंतीच्या मध्यावर बायको रडायला लागली. आवाज न करता, नुसतं पाणी.

"परत जायचं का?" त्याने विचारलं.

"परत कसले जाता?" ती ओरडली. "तेवढंच बसायचंय तिकडेही! चला पुढे!"

ते फाटकाशी पोचले तेव्हा उघड्या खिडक्यांतून मोठ्याने "आमेन" ऐकू आलं. मग बायकांचा आनंदाचा गलका. तोराच्या, म्हणजे धर्मग्रंथाच्या, वाचनानंतर नातीचं नाव जाहीर झालं होतं. बायकोच्या आईचं नाव. ते त्या दोघांनी रस्त्यावर ऐकलं. फाटकाच्या आत खुर्ची न्यायची तर ती रस्त्यावरून आवारात न्यायची, आणि तेही आज बंद.

लाइनमन तिला फाटकाशी ठेवून एकटाच आत गेला. रब्बींना त्याने खुणेने बाजूच्या खोलीत बोलावलं आणि सगळं सांगितलं. लाँड्रीचा कोपरा, झाडावरची तार आणि कालची गल्ली. 

रब्बी वयाने त्याच्या मुलाएवढे. त्यांनी ऐकता ऐकता कोटाच्या खिशातून किल्ली काढली, चष्म्याचं घर काढलं, आणि दोन्ही फळीवर ठेवून दिलं.

"काकू कुठे आहेत?"

"फाटकाबाहेर."

"उन्हात? अहो, आपला रखवालदार आपल्या धर्माचा नाही. आजारी माणसासाठी त्याला सांगता येतं. वाटेतही कुणाला सांगता आलं असतं."

लाइनमन भिंतीला टेकला. "मला माहीत नव्हतं."

"हो," रब्बी हळूच म्हणाले. "आता ऐका. बाहेर कुणाला काही सांगू नका."

"असं कसं? बाया मुलं घेऊन घरी जातील. सगळ्यांच्या हातून दोष घडेल. माझ्यामुळे!"

"सांगितलंत तर? पंधरा-वीस तान्ही मुलं आहेत आत. अर्ध्या बाया अडकून पडतील. बाकीच्या जाणूनबुजून मोडतील, कारण मूल रडायला लागलं की आई थांबत नाही. नकळत घडलेलं हलकं असतं, कळून केलेलं जड. म्हणून शास्त्र अशा वेळी गप्प राहा म्हणतं. तीन तारे दिसले की सांगा."

"आणि मी?"

"तुम्हाला कळलंय," रब्बी म्हणाले. "तुम्हाला सुटका नाही."

रखवालदाराने खुर्ची आत आणली. बायका बायकोभोवती गोळा झाल्या. तिने नातीला मांडीवर घेतलं, तिच्या कपाळाला ओठ लावले आणि उशीर का झाला म्हणून विचारणाऱ्यांना सांगत राहिली, "यांचा गुडघा हो. दुसरं काय."

जेवण झालं, लोक निघाले. लाइनमनच्या मुलीने आवारात बाळाला बाबागाडीत ठेवलं. तिचे टाके अजून दुखत होते आणि जावई पाहुण्यांना घेऊन पुढे गेला होता.

"बाबा, जरा गाडी धरता? घरापर्यंत. चढावर मला ओढ बसते."

लाइनमनचे हात पाठीमागे होते. ते तिथेच राहिले. "तू जा," तो म्हणाला. "आम्ही इथेच थांबतोय संध्याकाळपर्यंत."

"इथे? का? आणि तुम्ही मला सोडून तरी या की."

"नको."

मुलीने त्याच्याकडे बघितलं. नावावरून महिनाभर घरात धुसफूस झाली होती. त्याला स्वतःच्या आईचं नाव हवं होतं. "अजून तेच धरून बसलात?" ती म्हणाली. "सकाळी उशिरा आलात तेव्हाच मला समजायला हवं होतं. नाव नाही आवडलं म्हणून पोरीच्या गाडीला हातही लावायचा नाही?"

"तसं नाही गं."

"मग कसं? सांगा ना!"

त्याने तोंड उघडलं. गाडीत बाळ झोपलं होतं, एक मूठ कानाशी. सांगितलं तर मुलगी हे फाटक ओलांडू शकणार नव्हती.

"सांगता येत नाही," तो म्हणाला.

मुलीने गाडी वळवली. चढावर ती दोनदा थांबली, कंबरेवर हात ठेवून. तो फाटकाच्या आत उभा राहून बघत राहिला. मुलगी दिसेनाशी झाली तरी हलला नाही. शेवटी बायकोनेच हाक मारली, "इकडे या. बसा माझ्याजवळ."

दुपारभर ती दोघं आवारातल्या बाकाजवळ होती. ती मधूनच डुलकी काढायची. तो बसल्या जागी चुळबुळ करायचा, उठायचा, फाटकापर्यंत जाऊन परत यायचा. संध्याकाळच्या प्रार्थनेला पन्नासेक माणसं आली. तीन तारे दिसले, शब्बाथ सरल्याचा आशीर्वाद म्हणून झाला, आणि लोक टोप्या सावरत निघणार तोच लाइनमन पुढे गेला.

"एक मिनिट," तो म्हणाला. "लाँड्रीच्या कोपऱ्यावरचा एकोणतिसावा खांब. तार तुटलीय. शुक्रवारी मी तिथे गेलो नव्हतो. न बघताच ठीक आहे म्हणून कळवलं. पुढच्या शुक्रवारपासून दुसरा माणूस बघा."

 सकाळची ती जुळ्यांची आई दाराशी उभी होती. तिने त्याच्याकडे बघितलं, मग गाडीच्या मुठीवरच्या आपल्या हातांकडे, आणि हात काढून घेतले. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "माणूस आहे, होतं असं." ते त्याला सगळ्यात जास्त लागलं.

तिथून तो खुर्ची ढकलत सरळ मुलीच्या घरी गेला. तिने दार उघडलं तेव्हा उंबऱ्याबाहेरच उभा राहून त्याने सगळं सांगितलं, गल्लीतून वळल्यापासून.

मुलगी दाराच्या कडीशी चाळा करत राहिली. "तेव्हाच सांगायचं होतंत."

"मग तू घरी कशी आली असतीस?"

 "चढावर मी तुम्हाला काय काय म्हणत होते मनात," ती म्हणाली, आणि आईची खुर्ची आत घ्यायला वाकली. त्याने तिला वाकू दिलं नाही. खुर्ची त्यानेच आत घेतली.

रविवारी सकाळी तो शिडी घेऊन गेला आणि तार सांधून परत कडीत ओवून आला. ते काम त्याचंच होतं, त्याने कुणाला हात लावू दिला नाही. दर शुक्रवारी एरूव बघायचं काम मात्र शाळेतल्या एका शिक्षकाकडे गेलं. खांबांची यादी त्याने शिक्षकाला स्वच्छ अक्षरात उतरवून दिली.

पुढच्या शुक्रवारी दुपारी तो सवयीने उठला, बूट चढवले, आणि दाराशी आल्यावर थांबला. बायको बघत होती.  तो बुटांसकट दाराशेजारच्या स्टुलावर बसून राहिला.

अडीचच्या सुमाराला फोन वाजला.

"काका, मी मास्तर बोलतोय. लाँड्रीपाशी आहे. या झाडाआड खांबाचं टोक दिसतच नाही हो. तुम्ही कसं बघायचात?"

"पलीकडच्या फुटपाथवर जा," लाइनमन म्हणाला. "दवाखान्याची पाटी आहे ना, तिच्या खाली. आता दोन पावलं डावीकडे. पान हललं की फट दिसेल. थांब, घाई करू नकोस."

पलीकडून गाड्यांचे आवाज येत राहिले. तो फोन कानाशी धरून बसला होता, आणि घरातल्या घरात त्याची मान हळूहळू वर गेली होती.

"दिसली," शिक्षक म्हणाला.

"कडीत आहे?"

"आहे."

"बरं," लाइनमन म्हणाला. "मग तिसाव्याला जा."