किकवीच्या छपरातली बॅटरी

मी बॅटरी, मोटारीची. काळं जड खोकं, पोटात शिशाच्या पट्ट्या आणि लुगड्यावर उडालं तर भोकं पाडणारं ॲसिड. पण माझ्या ठिणगीवाचून लॉरी जागची हलत नाही, बरं का!

भोरचे उपेंद्रराव जत्रांमधून सिनेमा दाखवायचे. त्यांची लॉरी म्हणजे चाकांवरचं घरच. मागे पडदा आणि यंत्र, मध्ये बिऱ्हाड. तिथे त्यांची बायको शैलजाबाई स्टोव्हवर चहा करायच्या. हँडल फिरलं की मी ठिणगी द्यायची, लॉरी गुरगुरायची आणि वेल्ह्याच्या रस्त्याला पोरं धुरळ्यातून मागे धावायची. काय दिवस होते!

मग दुसऱ्या महायुद्धाची लढाई आली. पेट्रोल मिळेना. उपेंद्ररावांनी खडकीला कारखान्यात नोकरी धरली. लॉरी किकवी गावात ठकुबाई नावाच्या शेतकरणीच्या छपरात उभी राहिली. शेजारीच तिच्या शेळ्या. शैलजाबाई लॉरीतच राहिल्या. दुसरं घर होतं कुठे?

"बॅटरी राहू दे तशीच," जाताना उपेंद्रराव म्हणाले. "पेट्रोल आलं की बघू."

"अहो, रिकामी पडून राहिली तर मरेल ती! लढाईत नवी कोण देणार?"

शैलजाबाईंनी माझ्या तारा सोडवल्या, टोकं पुसून व्हॅसलिन लावलं आणि मला कोरड्या फळीवर ठेवलं. पट्ट्या उघड्या पडू नयेत म्हणून भोरच्या दवाखान्यातलं शुद्ध पाणी थोडंथोडं घालायच्या. दर महिन्याला ठकुबाईच्या बैलगाडीतून मी कापूरहोळला जायची. तिथल्या गॅरेजात ऑइल इंजिनावर मला चार्ज करून आणायचे.

"बाई, ह्ये खोकं खातं तरी काय?" ठकुबाईने एकदा विचारलं.

"वीज खातं, ठकुबाई. उपाशी ठेवलं की पट्ट्यांवर पांढरं पुट चढतं. मग कितीही भरवा, उठत नाही."

"मंग शेळीपरीस लाडाचं हाय म्हना की!"

एका आषाढात मात्र पावसाने कहर केला. रस्ता वाहून गेला, गाडी निघेना. महिना उलटला, दुसराही सरत आला. माझ्या अंगातलं बळ ओसरत होतं. शैलजाबाई रोज येऊन बघायच्या.

शेवटी ठकुबाईच म्हणाली, "उचला. आमी दोघी नेऊ."

दोरखंडात बांधून त्यांनी मला बांबूला लटकवलं आणि खांद्यावर घेतलं. चिखलात पाय रुतत होते. ओढ्यात पाणी कमरेला लागलं आणि शैलजाबाईंचा पाय घसरला! मी कलले.

"आडवी करू नगा!" ठकुबाई ओरडली. "सांडंल! माज्याकडं बगा, धरा!"

शैलजाबाईंनी बांबू सोडला नाही. गुडघा फुटला, पण मी सरळ राहिले. कापूरहोळला पोहोचल्यावर दोघी चिंब भिजून पायरीवर बसल्या आणि एकदम हसत सुटल्या. मला तर चार्ज होण्याआधीच तरतरी आली.

लढाई संपली. उपेंद्रराव परवान्याचं पेट्रोल घेऊन आले, पण सोबत कुंडलिकराव नावाचे कोळशाचे व्यापारी होते.

"इतकी वर्षं पडून आहे. सुरू होणार नाही," उपेंद्रराव खाली बघत म्हणाले. "विकून टाकू."

"आणि राहायचं कुठे? आधी हँडल तर मारा!"

शैलजाबाईंनी माझ्या तारा जोडल्या. हँडल फिरलं. काही नाही. पुन्हा फिरलं. इंजिन खोकलं आणि थांबलं. कुंडलिकराव छत्री उचलू लागले.

तिसऱ्या वेळी मी होतं नव्हतं ते सगळं त्या ठिणगीत ओतलं. धडधड धडधड! छप्पर हाललं, शेळ्या उधळल्या.

"चालू झाली! व्हय, चालू झाली!" ठकुबाईने शैलजाबाईंना मिठीच मारली.

उपेंद्ररावांनी हँडल काढून काखेत मारलं. मग कुंडलिकरावांना म्हणाले, "माफ करा. घर विकायचं नाही."

आता मी म्हातारी झालेय. लवकर दमते. पण उद्या भोंगवलीला खेळ आहे आणि मी निघालेय! तुमची मोटार बंद ठेवायची वेळ आली, तर माझ्या जातीच्या कुणाला अंधारात विसरू नका. तारा सोडवा, पोट भरा, अधूनमधून विचारपूस करा. बाहेर शैलजाबाई आणि खेळ बघायला निघालेली ठकुबाई पुढच्या बाकावर बसल्यात, खिडकीपाशी कोण यावरून भांडतायत. हँडल फिरलं बघा... येते मी!