संत एडवाराच्या पट्ट्याची टोकं

लेन कॉबोल्डच्या नांगरलेल्या शेतात त्या रविवारी जितकी माणसं चिखल तुडवत उभी होती, तितकी आमच्या थॉर्पलिंगच्या चर्चमध्ये नाताळालाही जमत नाहीत. खुद्द पाद्रीबुवा मागच्या रांगेत टाचा उंचावून बघत होते.

सगळ्यांच्या पुढे ब्रदर ऑस्विन. अनवाणी पाय, तपकिरी झगा आणि हातात खांद्यापर्यंत पोचणारी जाड काठी. डोळे मिटून चार पावलं चालायचं, थबकायचं, नाक वर करून वारा हुंगायचा.

"ती हाक मारतेय," ब्रदर घोगऱ्या आवाजात म्हणाले. "बाराशे वर्षं संत एडवारा या मातीत वाट बघतेय. कृपा करून शांतता राखा. विशेषतः सॉसेज रोल खाणाऱ्यांनी."

काठी जमिनीत रुतली. ब्रदरनी तिच्यावर भार टाकला, मग गुडघे टेकून त्याच जागी ओल्या मातीत बोटं खुपसली आणि एक वस्तू वर काढली. बोटाएवढी, हिरवट पडलेली, कांस्याची. जुन्या काळी कमरपट्ट्याचं टोक उसवू नये म्हणून त्यावर अशी निमुळती धातूची पट्टी ठोकायचे. तिच्या शेवटाला एका जनावराचं मुंडकं कोरलेलं, गोल डोळे, इवलेसे कान.

"संताच्या पट्ट्याचं टोक!" गर्दीतून हुंकार उठला. कुणी टोपी काढली, कुणी फोन.

मी डेस. बस चालवायचं काम सुटल्यापासून कानाला हेडफोन लावून, धातुशोधक यंत्र हलवत शेतं पालथी घालणं एवढाच माझा उद्योग. लेनच्या परवानगीने याच शेतात मी किती हिवाळे काढले. मला मिळालं काय? बटणं, काडतुसांची बुडं, बियरच्या डब्यांच्या कड्या. असं खरं टोक उभ्या जन्मात एकदाच सापडलं, ते मी संग्रहालयात नेऊन रीतसर नोंदवलं. ब्रदरना मात्र दर रविवारी एक. तेही यंत्राशिवाय!

"तुझं यंत्र धातू शोधतं, डेस," ते एकदा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते. "मी श्रद्धा शोधतो."

श्रद्धा त्यांना भरपूर सापडत होती. गावच्या सभागृहात चहा-केकच्या टेबलावर ठेवलेल्या बिस्किटांच्या डब्यात ती नोटांच्या रूपाने साठत होती.

सापडलेलं टोक ब्रदर एखाद्या आजारी माणसाला देत. दुखतं तिथे कपड्यावर टाचायचं. मॅगी फ्लॉर्डेचं गुडघ्यावर, पोस्टातल्या क्लाइव्हचं कपाळावर, टोपीला. माझी बहीण बेरिल लहानपणापासून दम्याची. तिचं छातीवर.

"आणि तो दम्याचा फवारा?" मी तिला विचारलं.

"खणात ठेवलाय. ब्रदर म्हणाले, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत."

"बेरिल, तो दमा आहे. तलवार नाही."

"तू ना, डेस, आईच्या पोटातूनच तोंड वाकडं करून आलास. मला बरं वाटतंय, ते तुला बघवत नाही का?"

गुरुवारी दुपारी मी तिच्याकडे अंडी द्यायला गेलो. दार उघडंच होतं. ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली, ओठ निळे पडलेले, दोन्ही हातांनी छातीवरचं ते टोक घट्ट धरलेलं. मी खण उपसून फवारा शोधला, तिच्या तोंडात धरला आणि रुग्णवाहिकेला फोन लावला. 

इस्पितळात ऑक्सिजनचा मास्क जरा बाजूला करून ती पहिलं काय बोलली असेल? "माझीच श्रद्धा कमी पडली रे."

मी बाहेर येऊन भिंतीवर लाथ मारली. भिंतीला काही झालं नाही. माझा अंगठा सुजला.

हिलरी पॉट्स तिथेच बाकावर बसली होती. बेरिलची शाळेपासूनची मैत्रीण, जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलेली बाई. तिने बेरिलच्या कोटावरचं टोक काढून घेतलं होतं आणि मॅगीचंही मागून आणलं होतं. दोन्ही तळहातावर शेजारी ठेवून ती म्हणाली, "डेस, जनावराचे कान बघ."

दोन्हींचा डावा कान तुटका. अगदी एकाच जागी, एकाच तिरक्या रेषेत.

"बाराशे वर्षांत दोघांचाही तोच कान तुटला?" मी म्हणालो.

"एकाचाच तुटला. बाकीचे त्या तुटक्याचा साचा करून ओतले. हिरवा रंग काय, मीठ-व्हिनेगर लावलं की आठवड्यात चढतो, माझी सातवीची पोरं करायची. आता दुसरं सांग. त्या काळच्या बायका अंगावर काय काय घालायच्या?"

"ब्रूच. बशीएवढे गोल ब्रूच. मोठ्या पिना, बक्कल..."

"मग संतबाईंचं एकही ब्रूच कसं हरवलं नाही? नेहमी बोटासारखी लांबट वस्तूच का?"

मी विचार केला. बोटासारखी लांबट वस्तू कशात मावते? आणि मला एकदम ती काठी दिसली. जाड. दरवेळी टोक सापडतं नेमकी त्याच जागी रुतणारी.

पुढच्या रविवारी ब्रदर काठी टेकवणार, इतक्यात हिलरी पुढे झाली. "ब्रदर, आज काठी बाजूला ठेवून हाक ऐकाल का?"

"काठी माझी नाही, ताई. संताची आहे."

"मग संताला राग येणार नाही. गवतावर ठेवा की."

गर्दी बघत होती. नाही म्हणायची सोय नव्हती. ब्रदरनी काठी हळूच आडवी ठेवली. मी हेडफोन काढून टाकला, आवाज मोठा केला आणि यंत्र तिच्यावरून फिरवलं. ते असं किंचाळलं, की लेनचा कुत्रा भुंकायला लागला.

"बुडाला खिळा आहे!" ब्रदर म्हणाले.

"वाजतंय मधोमध," मी म्हणालो. "लाकूड कधीपासून वाजायला लागलं?"

"हीच ती हाक! ऐका, भाविकहो, ऐका!"

लेनने हाक-बिक काही ऐकलं नाही. त्याने काठी उचलली, उलटसुलट केली आणि मूठ जोरात दाबली. बुडाची मेणाची गोळी निघाली आणि पाठोपाठ एक हिरवट टोक त्याच्या बुटावर पडलं. डावा कान तुटका.

 मॅगी ओरडली, "मेल्या! त्या गुडघ्यावर मी जिने चढले की रे!"

"संताने तुमची परीक्षा घेतली!" ब्रदरनी शेवटचा डाव टाकला. नवल म्हणजे क्लाइव्हने मान डोलावली. पण लेन शेताच्या फाटकापाशी जाऊन उभा राहिला आणि पोलीस येईपर्यंत हलला नाही. ब्रदरच्या व्हॅनमध्ये साचा मिळाला. ब्रदर ऑस्विनचं नाव ट्रेव्हर निघालं. आधी तो दारोदार खिडक्या विकायचा.

बेरिल घरी आल्यावर आम्ही तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पण हिलरी, मला खरंच बरं वाटत होतं गं. ते तरी खोटं नव्हतं."

"नव्हतंच," हिलरी म्हणाली. "टोक मिळाल्यापासून रोज कुणीतरी तुझ्या दारात येऊन विचारत होतं, कशी आहेस? एरवी कोण येतं? बरं वाटणं त्याचं होतं. धातूचं नव्हतं."

यावर बेरिल रडली. मीही खिडकीबाहेर बघत बसलो. तिच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहणारा सख्खा भाऊ, अंडी द्यायलाच काय तो जायचा.

आता मी रोज जातो. मॅगी येते, पाद्रीबुवा येतात, केकवरून भांडणं होतात. फवारा टेबलावर, बशीशेजारी असतो.

एकटं माणूस कशावरही विश्वास ठेवतं, म्हणून त्याला हसू नका. त्याच्याकडे जा. आणि कुणी तुमचं औषध बंद करायला सांगितलं, तर तो कितीही अनवाणी असो, आधी औषध घ्या. नीट श्वास आला, की त्याला एवढंच विचारा: "कशावरून?"