सतरा दाण्यांचा माठ

मी एक माठ आहे, पण माझ्यातलं पाणी कोणी कधी प्यालं नाही. केनवडच्या बाजारातून निघालो तेव्हा मी पाण्याचा माठ होतो. बेटावर उतरलो आणि थोड्याच दिवसांत सरकार झालो. हे कसं झालं ते मी पुष्कळदा आठवून पाहतो, आणि दर वेळी मध्येच कुठंतरी माझा घोटाळा होतो. तरी सांगतो.

पुंजाजी नावाच्या माळ्यानं मला विकत घेतलं. घेण्याआधी त्यानं मला चारही बाजूंनी टिचक्या मारल्या आणि कुंभाराला म्हणाला, "वाजते तं चांगला." मग मला पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या काड्यांच्या, भाऱ्यावर बसवून त्यानं पैनगंगेच्या काठावर आणलं.

नदीच्या मधोमध ते बेट आहे. अलीकडचा काठ वऱ्हाडाचा, म्हणजे इंग्रजांचा. पलीकडचा काठ मोगलाईचा, म्हणजे निजामाचा. बेट कोणाचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. अलीकडचा पटवारी सांगायचा, तुम्ही पलीकडचे. पलीकडचा सांगायचा, तुम्ही अलीकडचे. बेटावर अठरा घरं होती, सगळी भाजीपाल्यावर जगणारी. वांगी, मिरच्या, कारली, काशीफळं आणि उन्हाळ्यात वाळूत डांगरं, म्हणजे खरबुजं. प्रत्येक घराला गाळाच्या जमिनीचा एकेक पट्टा होता.

डोंग्यातून, म्हणजे खोड कोरून केलेल्या होडीतून, उतरताना पुंजाजीचा पाय घसरला आणि मी काठाच्या दगडावर टेकलो. फार जोरात नाही, तरी तळाला चीर गेली. घरी त्याच्या बायकोनं, हौसाबाईनं, माझ्यात पाणी ओतलं आणि ती ओरडली, "अवो, हा तं गयते!"

"बाजारात नाई गयत होता," पुंजाजी म्हणाला.

"बाजारात पानी टाकून पाह्यलं होतं काय?"

त्यानं मला उचलून गोठ्यात नेलं. मी महिनाभर तिथंच उपडा पडलो होतो.

त्या दिवसांत बेटावर भांडण चाललं होतं. डोंगा एकच होता. बेटाच्या दोन्ही टोकांना खडक असल्यामुळे तो एका धारेतून दुसऱ्या धारेत वल्हवत नेता येत नसे. उचलून न्यायला बारा माणसं लागत. म्हणून वर्षभर तो एकाच धारेत राहायचा. काहींना वाटे, डोंगा अलीकडच्या धारेत ठेवावा आणि माल वऱ्हाडात विकावा. काहींना मोगलाईचा बाजार बरा वाटे. अलीकडच्यांचा पुढारी भगवंतराव, पलीकडच्यांचा अमरसिंग. हात वर करून ठरवलं की हरलेले लोक जिंकलेल्यांच्या हातांकडे वर्षभर रागानं पाहत.

तेव्हा पुंजाजीनं मला सगळे जमत त्या ओट्यावर आणून ठेवलं. "यात पानी राहत नाई," तो म्हणाला, "पन दाने तं राहतीन."

रीत अशी ठरली. दसऱ्यानंतर पाणी उतरलं की प्रत्येक घरच्या पुरुषानं टोपल्यातून एक ज्वारीचा आणि एक तुरीचा दाणा घ्यायचा. माझ्या तोंडावर फडकं टाकलेलं असायचं. त्याखाली मूठ घालून एक दाणा सोडायचा. ज्वारी भगवंतरावाची, तूर अमरसिंगची. उरलेला दाणा मिटल्या मुठीतूनच तिथं सगळ्यांसमोर तोंडात टाकून चावायचा. म्हणजे कोणी काय सोडलं याचा पुरावाच उरत नसे. मला मात्र सगळं कळायचं. पण मला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी काय सांगणार होतो?

एकदा केनवडचे मास्तर डांगरं घ्यायला आले होते. त्यांनी मला पाहिलं, रीत ऐकली आणि हसून म्हणाले, "तुमचं तर हे प्रजासत्ताक झालं! समुद्रात अशी लहान लहान बेटं असतात. तिथं राजा नसतो, नुसते पक्ष असतात."

"मंग तिथं काय ठरवतेत, गुरुजी?" अमरसिंगनं विचारलं.

"कायदे ठरवतात. कारभार ठरवतात."

"आमी डोंगा ठरवतो," अमरसिंग म्हणाला.

मी त्या दूरच्या बेटांचा पुष्कळ विचार केला. तिथंही माठ असेल का? तोही गळका असेल का? आमच्या पक्षांचं मला तर कधी नीट कळलं नाही. भगवंतरावाच्या वेलानं शेजाऱ्याच्या कुंपणावर हात टाकला की शेजारी तुरीत जायचा. अमरसिंगच्या बकरीनं मिरची खाल्ली की मिरचीवाला ज्वारीत यायचा. पुंजाजी तेवढा चौदा वर्षं ज्वारीतच राहिला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. भगवंतरावानं त्याला लहानपणी डोंगा वल्हवायला शिकवलं होतं, तेवढंच.

पुढे एका साली नदीकाठावर पांढऱ्या टोपीचे लोक आले आणि ओरडून सांगू लागले, निवडणूक आहे, मत द्या. बेटावरून कोणीतरी ओरडून विचारलं, "माठ आनला काय?" काठावरच्या लोकांनी यादी पाहिली. यादीत बेटाचं नावच नव्हतं. ते निघून गेले.

त्याच साली माझी चीर वाढली आणि तिच्यातून दाणे बाहेर पडतील अशी भीती वाटू लागली. दाणे टाकण्याच्या दिवशी सकाळी पुंजाजीनं बाभळीचा डिंक आणि राख कालवली आणि आतून माझ्या तळाची चीर बुजवली. डिंक अजून ओला होता. पहिला दाणा त्यानंच सोडला, ज्वारीचा. तो माझ्या तळाशी पडला, डिंकात रुतला आणि तिथंच राहिला. वर राख होती. मला ते जाणवलं, पण मला वाटलं, ओततील तेव्हा निघेल.

तो निघाला नाही. घोंगडीवर दाणे ओतले तेव्हा सतराच भरले. तूर नऊ, ज्वारी आठ.

"कोनं मूठ रिकामी घातली?" भगवंतराव म्हणाला. सगळ्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. पुंजाजीनं मुलांबाळांची शपथ घेतली, म्हणजे होणाऱ्या मुलांबाळांची, कारण त्याला मूल नव्हतं. लोक त्यावर हसले. शेवटी ज्याचे जास्त त्याचं खरं, असं ठरलं. बारा माणसांनी डोंगा उचलून मोगलाईच्या धारेत नेला.

ती धार खोल होती. श्रावणात वांगी विकून परत येताना डोंगा मधल्या भोवऱ्यात उलटला. दोघं पोहून निघाले. पुंजाजी निघाला नाही.

मी तेव्हा ओट्याजवळच्या कडुनिंबाच्या बेचक्यात उपडा होतो. हौसाबाई नदीकडे धावत गेली ते मी पाहिलं. तो दाणा माझ्यातच होता. आठ आणि एक नऊ. नऊ-नऊ झाले असते तर त्यांनी पुन्हा दाणे टाकले असते, आणि पुन्हा काय निघालं असतं ते मला ठाऊक नाही. डोंगा कदाचित तिकडेच गेला असता. कदाचित गेला नसता. मी जाणूनबुजून काही केलं नव्हतं. तरी दाणा धरून ठेवला होता मीच. मला यातलं काय खरं मानावं ते कळेना. अजून कळत नाही.

दसरा झाला, पाणी उतरलं, आणि या खेपेला प्रश्न डोंग्याचा नव्हता. पुरानं खालच्या अंगाचे तीन पट्टे खाल्ले होते. त्यांचे मालक तिघंही ज्वारीतले. भगवंतराव म्हणाला, "हौसाबाईच्या घरात आता मानूस नाई. तिचा पट्टा या तिघाइले वाटून देऊ. तिले आपन सगळे मिळून जेवू घालू."

"कोनाच्या चुलीवर?" हौसाबाईनं विचारलं. 

अमरसिंग खाली पाहून म्हणाला, "जिचा मानूस आपल्या डोंग्यात गेला, तिचं वावर घ्याचं? माया हातून नाई होनार."

मी पार गोंधळलो. पुंजाजी ज्याला चौदा वर्षं दाणा देत आला, तो त्याच्या बायकोचं वावर मागत होता. आणि ज्याच्या विरुद्ध दाणा देत आला, तो ते वाचवत होता. ज्वारी म्हणजे वाटणी, तूर म्हणजे हौसाबाईकडे राहू द्या, असं ठरलं. बाईचा हात माठात जात नसे, म्हणून सतरा घरंच दाणे टाकणार होती.

सगळे एकेक करून आले. शेवटी जानराव आला. हा पुंजाजीचा चुलतभाऊ. पुरानं खाल्लेल्या तिन्हींतला एक पट्टा त्याचा, तोही हौसाबाईच्या पट्ट्याला लागून, म्हणजे वाटणीत पहिला तुकडा त्याचाच. चार दिवस तो कोणाशी बोलला नव्हता. त्याची मूठ माझ्यात आली, थोडी थांबली, पण उघडली नाही. मिटलेलीच ती पुन्हा बाहेर गेली. मग मी चावल्याचा आवाज ऐकला. आधी ज्वारी, मग तूर. तुरीला दात जास्त लागतात.

भगवंतरावानं मला घोंगडीवर उपडं केलं आणि नेहमीसारखे तळावर दोन दणके दिले. वर्षभराच्या उन्हानं डिंक वाळून तडकला होता. सगळ्यांत शेवटी एक दाणा सुटला आणि घोंगडीवर पडला.

ज्वारी नऊ. तूर आठ. सतरा बरोबर.

 हौसाबाई उभी राहिली. "कारल्याचे वेल आत्ताच चढले हायेत," ती म्हणाली. "तेवढी कारली निघू द्या. मंग वावर मोजा."

ती दोन पावलं गेली असेल.

"थांबा," जानराव म्हणाला. "म्या दाना टाकलाच नाई."

"मंग सतरा कसे भरले?" भगवंतरावानं विचारलं.

"मले काय मालूम? म्या दोन्ही खाल्ले."

"दोन्ही?"

"व्हय. ज्वारी बी अन् तूर बी."

"अबे, मानूस हायेस का ढोर?" कोणीतरी म्हणालं. पण हसणं तिथंच विरलं, कारण खोटं बोलून जानरावाचं नुकसानच होणार होतं, हे सगळ्यांना दिसत होतं.

अमरसिंगनं दाणे पुन्हा पसरले. एका ज्वारीच्या दाण्याला काळी राख आणि डिंकाचा तुकडा चिकटलेला होता. भगवंतरावानं खांद्यापर्यंत हात माझ्यात घातला आणि तळ चाचपला. त्याचं बोट त्या जागी थांबलं.

"इथं खड्डा हाय," तो हळूच म्हणाला. "दान्याएवढा."

"डिंक त्याइनंच लावला होता," हौसाबाई म्हणाली. "अन् पह्यला दाना बी त्याइनंच टाकला होता. शपथ घेतली तं तुमी हसले."

 सगळे मनातल्या मनात आठात एक मिळवत होते. अमरसिंग म्हणाला, "मंग मागच्या साली डोंगा..." आणि त्यानं वाक्य सोडून दिलं.

एकजण म्हणाला, दाणा पुंजाजीचा आहे तर मोजा. दुसरा म्हणाला, मेलेल्याचा दाणा कसा मोजता? तिसरा म्हणाला, तो डोंग्यासाठी टाकला होता, वावरासाठी नव्हे. प्रत्येक जण बोलला की मला तोच बरोबर वाटे. शेवटी भगवंतरावच म्हणाला, "माया पक्षाचा दाना हाय थो. पन पुंजाजीच्या दान्यानं त्याच्याच बाईचं वावर घेतलं, तं थो जिथं बुडाला थे नदी मले उतरता येनार नाई. आठ-आठ झाले. जानराव, आता तुहा राह्यला. फडकं नाई, चोरी नाई. टाक."

जानरावाचे हात रिकामे होते. "कोनाजवळ तुरीचा दाना हाय काय?" त्यानं विचारलं.

भगवंतरावानं टोपल्यातून तुरीचा दाणा उचलला आणि स्वतःच्या हातानं त्याला दिला. तो माझ्यात पडला. इतका मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"आता उरलेला खा," कोणीतरी रीत सांगितली आणि पुंजाजीचा दाणा पुढे केला. जानरावानं तो घेतला, पण तोंडात टाकला नाही. हौसाबाईसमोर जाऊन त्यानं तळहात उघडला. "वहिनी, हा तुमच्या घरचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाबाई एकटीच ओट्यावर आली. तिनं डिंक आणि राख आणली होती. तो दाणा तिनं त्याच खड्ड्यात बसवला आणि अंगठ्यानं दाबून वरून चीर बुजवली. "आता पडू देऊ नको," ती मला म्हणाली. माझ्याशी कोणी बोललं ते तेवढंच.

पुढच्या दसऱ्याला ती रांगेत येऊन उभी राहिली, टोपल्यातून दोन दाणे घेतले आणि माझ्यात मूठ घातली. ही रीत आहे का, असं कोणी विचारलं नाही. अठरा दाणे भरले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात दोन्ही पक्षांनी मिळून आंब्याचं खोड कोरलं आणि दुसरा डोंगा केला. आता दोन्ही धारांत डोंगे आहेत, आणि ठरवण्यासारखं काही उरलेलं नाही. तरी दर साली दाणे पडतात, पक्ष भांडतात, वेलांवरून आणि बकऱ्यांवरून माणसं इकडून तिकडे जातात. कशासाठी, ते मला खरंच सांगता येत नाही.

आता मी म्हातारा झालो आहे. माझा काठ तीन ठिकाणी फुटला आहे. केनवडहून नवा माठ येणार, असं ओट्यावर बोलणं चाललं आहे. येऊ द्या. आधी त्यात पाणी टाकून पाहा, तो गळत नसेल तर पाणी प्या आणि सरकार माझ्यासारख्यालाच करा.

एक सांगणं आहे. कधीतरी मोजणीच्या दिवशी दणक्यासरशी मी फुटेन, आणि अठरा घरांचे एकोणीस दाणे निघतील. कोणी दोन टाकले म्हणून भांडू नका. ज्याला राख लागलेली असेल, तो हौसाबाईला द्या.