काउंटरवरचा दुभाष्या

आधीच सांगून टाकतो, मी काही चोर-लफंगा नाही. नऊ वर्षं या परक्या देशात, एकाच मॉलच्या दुसऱ्या मजल्यावर, सरकत्या जिन्याच्या तोंडाशी उभा राहून इलेक्ट्रॉनिक्सचा माल विकतोय. उभा म्हणजे उभाच. बसलेला सेल्समन गिऱ्हाइकाला आळशी दिसतो म्हणे, म्हणून आमच्या दुकानात स्टूलच नाही. सुखात आहेस ना, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणतो, माझ्या पोटऱ्यांना विचारा.

माझं भांडवल एकच. इथली भाषा मला फाडफाड येते आणि मराठी तर घरचीच. गर्दीत एखादा माणूस फोनवर “अगं थांब जरा, बघतोय” म्हणाला की माझे कान टवकारतात. मी सहज फिरत फिरत जवळ जातो आणि म्हणतो, “काय बघताय, काका?” त्या माणसाचा चेहरा असा खुलतो की विचारू नका! पुढचं बोलणं नावापुरतं. माल विकला गेलेला असतो.

एक वेल्डर असाच आला. पन्नाशीचा, मनगटांवर ठिणग्यांचे बारीक बारीक डाग, शर्टाची वरची गुंडीही लावलेली. लेकीनं वहीच्या पानावर मोठ्या अक्षरांत मॉडेलचं नाव लिहून त्याचा फोटो पाठवला होता आणि यानं तो छापून घेऊन प्लास्टिकच्या पाकिटात ठेवला होता. चित्रं काढायचा टॅब. पेननं थेट स्क्रीनवर काढायचं, तसला.

“डिझाइनच्या कॉलेजला जायचंय तिला,” तो म्हणाला. “वीस चित्रं पाठवायची आहेत महिन्याभरात. सगळी पोरं यावर काढतात म्हणे. आमची अजून कागदावरच काढते, मग फोटो काढून पाठवते. ते घेत नाहीत.” मग जरा थांबून म्हणाला, “दहा दिवसांनी घरी जातोय, भाऊ. दोन वर्षांनी.”

त्या मॉडेलचा नवा माल आमच्या शाखेत यायला तीन आठवडे होते. दुकानात एकच पीस होता, तोही डिस्प्लेवरचा. आठ महिने तो साखळीला बांधून ठेवलेला. येणारं जाणारं पोर त्यावर रेघोट्या मारायचं, दाबायचं, पेन आपटायचं. उजव्या कडेला बोटभर रुंदीची पट्टी मेली होती. तिथे पेन टेकवलं की रेघच उमटत नाही. मला हे माहीत होतं, कारण रोज सकाळी तो पुसणारा मीच.

असले पीस विकायची आमच्याकडे रीत ठरलेली आहे. गिऱ्हाइकाला सांगायचं की बाबा रे, हा डिस्प्लेचा. दोष दाखवायचा. किंमत कमी करायची. मग एका फॉर्मवर सही घ्यायची. इथला कायदाच तसा आहे. तळमजल्यावर ग्राहकांच्या तक्रारींचं ऑफिस आहे आणि आमच्या मॅनेजरबाई त्या ऑफिसला जाम टरकून असतात. त्या महिन्यात त्यांनी डिस्प्लेचा सगळा माल काढायला सांगितला होता. मी आधीच्या दोन गिऱ्हाइकांना खरं सांगितलं, दोघंही तोंड वाकडं करून गेली. त्यातून माझ्या नावावर एक ताकीद आधीच लागली होती, अशाच एका लपवाछपवीबद्दल. दुसरी लागली की नोकरी गेली, नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की माझ्या पोराची शाळा. मग शहाण्या माणसानं खरंच सांगायला हवं होतं ना? पण मी म्हटलं, हा तर विमानात बसून निघून जाईल. कोण परत येतंय!

“एकच शिल्लक आहे,” मी म्हणालो. “पण तुमच्यासाठी बोलून किंमत कमी करून घेतो.”

किंमत आधीच कमी झालेली होती. तो माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी खिशातून पैसे काढून दिले.

मागच्या खोलीत मी टॅब पुसला, आतलं सगळं साफ केलं, खोक्यात घातला आणि वर प्लास्टिकचं वेष्टण चढवून गरम हवेनं आवळून टाकलं. नवाकोरा! कॅशवरच्या मुलीनं नियमाप्रमाणे सांगितलं, उघडून तपासून घ्या. मी काही म्हणायच्या आधी वेल्डरच म्हणाला, “नको नको, फोडू नका. तिनं स्वतःच्या हातानं फोडावं. मजा त्यात आहे.”

आणि मी हसलो. म्हणालो, “बरोबर आहे, लेकीचा मान आहे तो.”

हे वाक्य मला आजही खातं. दुसरं काही नाही आठवलं तरी हे आठवतं.

“ही कशाची सही?”

“गॅरंटीची,” मी म्हणालो. त्यानं मराठीत, एकेक अक्षर जपून काढत सही केली. फॉर्मवर इथल्या भाषेत लिहिलं होतं की पीस डिस्प्लेचा आहे हे मला सांगितलं, दोष दाखवला आणि मला तो मान्य आहे.

सहाव्या दिवशी तो परत आला. खोलीतल्या सोबत्यांनी त्याला भरीस घातलं होतं, अरे बघ तरी चालतोय का, तिकडे नेऊन बंद निघाला तर? त्यानं जपून वेष्टण काढलं होतं, तेही घडी घालून पिशवीत आणलं होतं. रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं, मलाही आवाज चढवता आला असता.

“भाऊ, बघा ना जरा,” तो म्हणाला. त्यानं स्क्रीनवर डावीकडून एक आडवी रेघ ओढली. रेघ सरळ आली आणि उजव्या कडेपाशी तुटली. त्यानं पुन्हा ओढली. पुन्हा तिथंच. “माझंच काही चुकतंय का? मला काय येतंय यातलं.”

मी काही बोलणार तोच मॅनेजरबाई आल्या. बाई कडक, पण खोटं बोलणार नाहीत. त्यांनी टॅब हातात घेतला, फॉर्म मागवला, सही पाहिली आणि वेल्डरच्या तोंडाकडे पाहिलं. मग मला त्यांच्या भाषेत म्हणाल्या, “याला ही भाषा वाचता येते?”

“नाही,” मी म्हणालो. तेवढं एक खरं बोललो.

“मग सहीला काही अर्थ नाही. त्याला विचार, हा डिस्प्लेचा पीस आहे हे घेताना सांगितलं होतं का. नाही म्हणाला तर आत्ताच्या आत्ता दुसऱ्या शाखेतून नवा मागवते, दोन दिवसांत हातात देते. चौदा दिवसांचा हक्क आहे त्याचा. नीट विचार. शब्दाला शब्द.”

वेल्डर आमच्या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होता. एक प्रश्न विचारायचा होता, बस. तो नाही म्हणाला असता, बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत माझं सामान पिशवीत. पोराचं दप्तर डोळ्यांपुढे आलं, खरं सांगतो. पण पोराचं दप्तर काय, त्याच्याही लेकीची चित्रं होतीच ना! ते मला तेव्हा आठवलं नाही असं म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही. आठवलं होतं.

मी वेल्डरकडे वळलो आणि मराठीत विचारलं, “काका, बाई विचारतायत, ही सही तुम्हीच केलीत का?”

“हो,” तो म्हणाला. जोरात मान हलवून, बाईंकडे बघून पुन्हा म्हणाला, “हो, हो. मीच केली. यांनीच तर दिला होता कागद.” आणि त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं.

मी बाईंना म्हणालो, “हो म्हणतोय. सांगितलं होतं म्हणतोय. याच माणसानं, म्हणजे मी, सांगितलं, असं म्हणतोय.”

बाईंना हललेली मान दिसली होती, ‘हो’ ऐकू आलं होतं, माझ्याकडे दाखवलेलं बोटही दिसलं होतं. त्यांनी सुस्कारा सोडला. “मग आपल्याला काही करता येत नाही. पण त्याला पेनची जास्तीची टोकं आणि कव्हर दे. इतक्या लांबून आलाय.”

मी मराठीत सांगितलं, “काका, बाई म्हणतायत की सही झाल्यावर कायद्यानं बदलून मिळत नाही. पण मी फार गळ घातली, म्हणून कव्हर देतायत.”

‘मी फार गळ घातली.’ हे घालायची काय गरज होती? कुणी मागितलं होतं? जिभेला एकदा सवय लागली की ती थांबत नाही.

त्यानं कव्हर दोन्ही हातांनी घेतलं. “तुम्ही होतात म्हणून एवढं तरी झालं,” तो म्हणाला. “नाहीतर या लोकांशी मी काय बोलणार होतो? मी आपला हातवारे करत बसलो असतो.” मग त्यानं माझा नंबर मागितला. काय कारण सांगून नाही म्हणणार? दिला.

मी घरी गेलो तर बायकोनं दारातच ओळखलं. “काय झालं? तोंड का असं?” मी सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती. चिरता चिरता थांबली.

“केसानं गळा कापलास रे त्याचा,” ती म्हणाली.

“मग काय नोकरी घालवू?”

“मी कुठे म्हटलं घालव? पण मग सुतकी चेहरा करून घरात फिरू नकोस. एक तर उद्या जाऊन बाईंना सांग, नाहीतर हात-पाय धू आणि जेवायला बस. दोन्हीकडून गोंजारून घ्यायचं नाही.”

मी हात-पाय धुतले आणि जेवायला बसलो. एवढंच माझं शौर्य.

पुढचे चार दिवस तो इथेच होता. चार दिवस मी रोज ठरवत होतो की आज बाईंच्या केबिनमध्ये जायचं. एकदा दारापर्यंत गेलोसुद्धा. बाईंनी वर बघून “काय?” विचारलं आणि मी म्हणालो, “बिलाच्या कागदाचे रोल संपलेत.” रोल काही संपले नव्हते. मग त्याचं विमान गेलं आणि माझा जीव भांड्यात पडला. लाज वाटते, पण पडला.

टॅब विकल्यापासून तेराव्या दिवशी दुपारी फोन आला. मी तेव्हा एका बाईला इस्त्री दाखवत होतो. पलीकडे वेल्डरच, घरून, आवाज नुसता फुललेला. “भाऊ, पोचलो बरं का! पोरगी खूश आहे. दिवसभर काढतेय. म्हणते, अगदी झकास चालतो, बाबा. ती रेघ तुटत होती ना, ती मलाच ओढता येत नव्हती! हिच्या हातून नाही तुटत. थांबा, तिला तुमच्याशी बोलायचंय. मी सगळ्यांना सांगितलंय, तिथे आपला एक माणूस होता म्हणून.”

मी इस्त्री खाली ठेवली आणि खांबामागे गेलो. पलीकडे चपलांचा आवाज झाला, एक दार लागलं.

“काका,” मुलगी म्हणाली. आवाज लहान होता, पण घाई नव्हती. “मी बाहेर आलेय, त्यांना ऐकू येत नाहीये. उजवीकडची पट्टी मेलेलीच आहे. मी चित्र डावीकडे सरकवून काढते.”

मी खांबाला पाठ टेकवली.

“बिलाबरोबर त्या सहीच्या फॉर्मची प्रत होती. मी फोननं त्याचं भाषांतर केलं. बाबांना नाही दाखवलं. तिथला कायदाही वाचला. उद्यापर्यंत तक्रार करता येते, इथूनही. पण त्यात ज्यानं विकत घेतलं त्याचा जबाब लागतो. त्यांना काय काय सांगितलं आणि कुणी सांगितलं, ते सगळं.”

“बेटा, मी आत्ता जातो बाईंकडे,” मी म्हणालो. खरंच म्हणालो. “नवा पाठवायला लावतो. माझं काय व्हायचं ते होऊ दे.”

“आणि बाबांना काय सांगाल, का बदलला?”

मला सुचलं ते सगळं खोटं होतं आणि तिला ते कळत होतं.

“राहू दे, काका,” ती म्हणाली. “दोन वर्षांत तिथे त्यांच्याशी कुणी नीट बोललं नाही. आल्यापासून फक्त तुमचं सांगतायत. जेवताना तुमचं, शेजारच्यांना तुमचं. तेवढं राहू दे त्यांचं. वीस चित्रं होतील माझी. तुम्ही फक्त त्यांना कधी काही सांगू नका.”

“नाही सांगणार,” मी म्हणालो.

दार उघडल्याचा आवाज आला आणि फोन पुन्हा वेल्डरकडे गेला. तो हसत होता. “काय म्हणाली? लाजाळू आहे जरा. पण म्हणाली होती, आभार मी स्वतः मानणार. मानले का नीट?”

“मानले,” मी म्हणालो.